दहावीच्या वाटा आणि कोयत्याचे वर्ष : प्रस्तावना

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ दरवर्षी परीक्षेचे अर्ज मागवते, तेव्हा त्या प्रकटनात एक लांबलचक वाक्य असते. नियमित विद्यार्थी, पुनर्परीक्षार्थी, खासगी विद्यार्थी, श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसणारे, तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे, आयटीआयचे श्रेयांक हस्तांतरित करून घेणारे अशी सगळी नावे त्यात एका दमात येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ते छापले जाते आणि वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरत थेट तारखांकडे जाते. पुढची सारी पाने म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र हाती येण्याच्या वाटा किती, त्या कोणासाठी आखल्या गेल्या आणि शिरूर कासारसारख्या तालुक्यातून त्यांवर कसे चालायचे, हा आपला विषय आहे.

हा विषय कोरड्या नियमांचा वाटण्याची शक्यता आहे. परिपत्रके, पात्रता, विलंब शुल्क, संपर्क केंद्र या शब्दांनी कोणाचे मन ओढले जात नाही, हे मान्य. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा. या प्रत्येक नियमामागे शाळेतून कधीतरी बाहेर पडलेले एक माणूस उभे आहे आणि त्याला परत आत घ्यायचे की नाही, याचा निर्णय त्या नियमाने केलेला आहे. एखादा समाज आपल्या मुलांना किती वेळा संधी देतो हे समजून घ्यायचे असेल, तर शाळांच्या इमारती मोजण्यापेक्षा हे नियम वाचणे अधिक उपयोगाचे ठरते.

शिरूर कासार हा बीड जिल्ह्यातला सिंदफणेच्या काठचा तालुका. बालाघाटाच्या डोंगरउतारावरची हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि हाताला काम मिळावे म्हणून दरवर्षी होणारे स्थलांतर ही इथली ओळख झाली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांकडे आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते, पहाटे तोड सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दिवस संपतो. ही माणसे गावी परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत थांबल्यावर.

आता या वर्षाशेजारी शाळेचे वर्ष ठेवून पाहा. शाळा जूनमध्ये उघडते. नियमित विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि दहावीची २१ फेब्रुवारीला, म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात असताना. जी मुले आई-वडिलांबरोबर गेली, त्यांचे निम्मे वर्ष हजेरीपटावर कोरे राहते. माझे या विषयातले मुख्य म्हणणे इथेच सांगून टाकतो. या तालुक्यात दहावी राहून जाण्याचे मोठे कारण ही दोन वर्षे एकमेकांना आडवी येतात हे आहे. मुलांच्या बुद्धीला किंवा पालकांच्या आस्थेला दोष देण्याआधी दिनदर्शिका समोर ठेवावी. दहावीची प्रत्येक वाट वर्षाच्या ठरावीक महिन्यात सुरू होते आणि ठरावीक महिन्यात संपते. कोणती वाट आपल्या घराच्या वर्षात बसते, हे ओळखता आले की अर्धे काम झाले.

२०२५च्या दहावीत राज्यातल्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९४.१० टक्के लागला. हा आकडा आनंदाचा आहे. पण तो परीक्षेला बसलेल्यांचा आहे. जी मुलगी आठवीनंतर धाकट्या भावंडाला सांभाळायला फडावर गेली, जिचे लग्न सतराव्या वर्षीच उरकले, जो मुलगा नववीतच कोयत्याचा जोडीदार झाला, त्यांची गणती या टक्केवारीत येत नाही. आपल्या अभ्यासाची सुरुवात या न मोजलेल्या मुलांपासून होते.

थोडे मागे जाऊ. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. आपला बीड जिल्हा तेव्हा आणि पुढे १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या इथल्या पोरांना वरच्या शिक्षणासाठी आधी भाषेचाच उंबरा ओलांडावा लागे. अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी काही काळ शिकवले, त्या काळात मराठवाड्याला इतके मोलाचे का वाटले हे यावरून कळते. शिक्षणाची अट आणि माणसाची परिस्थिती यांचा मेळ नसेल तर काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले आहे.

मेळ घालण्याचा प्रयत्नही महाराष्ट्राला नवा नाही, आणि याचा मला अभिमान वाटतो. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा शिक्षण मातृभाषेतून ठेवले, अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून आखला आणि प्रवेश परीक्षाही स्वतःची ठेवली. चालू परीक्षा बायकांना सोयीची नाही, तर परीक्षाच बदलू, इतका सरळ त्यांचा विचार होता. जगातही असेच घडले. दुसऱ्या महायुद्धात शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेलेल्या अमेरिकन तरुणांसाठी १९४२ साली एक समकक्ष परीक्षा तयार झाली. ती उत्तीर्ण झाल्यावर त्यांना हायस्कूलच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळू लागले आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. सैनिकाला युद्धामुळे शाळा सुटली म्हणून सवलत मिळाली, तर ऊसतोडीमुळे शाळा सुटलेल्याला ती मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ला अस्तित्वात आले. त्याचे मुख्यालय पुण्याला आहे आणि बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे येतो. मंडळाच्या नियमित वाटेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, ती सगळ्यांच्या परिचयाची आहे. एवढेच सांगतो की शक्य असेल तिथे हीच वाट धरावी. आपल्याकडे शहाणे आई-बाप दहावीच्या वर्षी लेकराला आजी-आजोबांजवळ ठेवून जातात, ही फार मोलाची रीत आहे. हंगामी वसतिगृहांचा आधार प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या मुलांना मिळत आला. संत भगवानबाबांच्या नावाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली, तिची पार्श्वभूमीही हीच होती. शाळेतल्या शिक्षकांचा रोजचा सहवास, प्रात्यक्षिके, सोबतीची मुले हे दुसऱ्या कोणत्याही मार्गात तितके मिळत नाही. दुसऱ्या वाटांची ओळख करून देताना हे लपवणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांची ही वाट सुटली त्यांच्यासाठी पहिला आधार म्हणजे ‘सतरा नंबर’. गावात कोणी ‘खासगी विद्यार्थी योजना’ म्हणत नाही. “पोरीचा सतरा नंबर भरलाय” एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असणे आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण असणे ही मूळ अट. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचे अंतर लागते, आणि प्रात्यक्षिकांमुळे विज्ञानापेक्षा कला-वाणिज्य शाखांकडेच बहुतेकांचा ओढा असतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून मिळेल तिथे कागदपत्रे द्यायची, प्रकल्पाचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे काम तिथेच पुरे करायचे. हजेरीची अट नाही. प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच, मंडळही तेच.

या वाटेचे मोठे गुणवैशिष्ट्य वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. अर्ज साधारण पावसाळ्याच्या महिन्यांत भरले जातात, म्हणजे माणसे गावात असताना. टोळी निघण्याआधी हे काम उरकता येते. अडचण आहे ती परीक्षेच्या वेळेची. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा देण्यासाठी फडावरून गावी यावे लागते आणि तेवढ्या दिवसांचा खाडा मुकादमाच्या हिशेबात धरला जातो. म्हणून उचल ठरतानाच परीक्षेच्या तारखांचे बोलून घेणे शहाणपणाचे. हे काम शिक्षकाने पालकांबरोबर बसून केले, तर त्याचा खूप उपयोग होतो.

सतरा नंबराच्या अर्जासोबत एक कागद लागतो. त्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळे अडते ते तिथेच. तो कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो हातात घेऊन एकदा ओळ न ओळ वाचा. वर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो. मग विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शेवटची इयत्ता, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. जन्मतारखेच्या रकान्यात आपल्याकडे कितीतरी जणांच्या नावापुढे १ जून आढळतो. मुलाला शाळेत घालताना नेमकी तारीख घरच्यांना सांगता आली नाही, तेव्हा गुरुजींनी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहून घेतली. पुढे वयाची प्रत्येक अट याच तारखेवरून मोजली जाते. आधार कार्डावर दुसरी तारीख असेल तर दोन्हींचा मेळ आधी घालून घ्यावा.

लग्न झालेल्या मुलींचा पेच वेगळा. आधारावर सासरचे नाव, दाखल्यावर माहेरचे. परीक्षेचा अर्ज दाखल्यावरच्या नावाने भरला जातो, हे माहीत नसल्याने अनेकजणी आपला अर्ज चालणारच नाही असे समजून घरी बसतात. शाळा माहेरच्या गावी आणि संसार सासरी असला, तरी संपर्क केंद्र राहत्या पत्त्यानुसार निवडता येते. मूळ दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत घेऊन, सोबत प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करता येतो. २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला आणि काठच्या घरांत पाणी शिरले. पत्र्याच्या पेटीतले कागद भिजले ज्यांचे, त्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी. शाळेतले जनरल रजिस्टर ही मूळ नोंद आहे आणि तिथून तुमची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे.

पाचवीच ज्यांची झाली नाही त्यांचे काय, असा प्रश्न साहजिकच येईल. त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. त्याच्या पाचवी आणि आठवीच्या स्तराच्या परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात. त्या पायरीवरून पुढे दहावीकडे जाता येते. पन्नाशीच्या बाईनेही ही पायरी चढायला हरकत नाही.

दुसरा मोठा मार्ग म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. १९७९ साली केंद्रीय मंडळाचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालेले हे काम १९८९ साली स्वतंत्र संस्थेच्या रूपाला आले. दहावीसाठी वय चौदा पूर्ण असावे लागते. पाच विषय घ्यायचे, त्यांत भाषा हवीच, पण गणिताची सक्ती नाही. मराठी माध्यमातून दहावी करता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक, दोन-दोन विषय सोडवत जाता येते. आधीच्या मंडळात उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण काही मर्यादेत इकडे आणता येतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते.

आता हे वेळापत्रक आपल्या तालुक्याच्या वर्षावर ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा टोळ्या निघण्याच्या गडबडीत सापडते. एप्रिल-मेची मात्र हंगाम संपवून माणसे परतल्यावर येते. फडावरून आलेल्या तरुणाला दरवर्षी एप्रिल-मेमध्ये दोन विषय दिले तरी पाच वर्षांत दहावी हाती लागते, आणि हंगामही बुडत नाही. मला विचाराल तर ज्यांना हंगाम सोडणे परवडतच नाही, त्यांच्यासाठी ही वाट सर्वांत जवळची आहे आणि आपल्याकडे तिची माहिती सर्वांत कमी आहे. विषय निवडताना मात्र पुढे काय करायचे ते ठरवून निवडावे. गणित-विज्ञान वगळून दहावी झालेल्याला पुढे तांत्रिक शिक्षणाकडे वळताना अडचण येईल.

नापास झालेल्यांसाठीही वेळेचा विचार झालेला आहे. पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे आणि तोवर वर्ष हातचे जाई. २०१५पासून ती जुलैमध्ये घेतली जाऊ लागली. २०२५ साली तर २४ जूनलाच सुरू झाली. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय सोडवता येतात. ऊसतोडीच्या घरासाठी जून-जुलै म्हणजे सगळे गावात असण्याचा काळ. मार्चमध्ये फडावरून धावतपळत येऊन राहिलेला विषय इथे निवांतपणे देता येतो. निकालाच्या दिवशी खचलेल्या पोराला हे त्याच दिवशी सांगणारे कोणीतरी घरात हवे.

आयटीआयच्या वाटेकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. आठवीच्या पात्रतेवर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला मंडळाचे भाषा विषय उत्तीर्ण होऊन दहावीची, आणि दहावीनंतर तसाच ट्रेड करणाऱ्याला बारावीची समकक्षता मिळू शकते. सुरुवातीला ज्या प्रकटनाचा उल्लेख केला त्यातले ‘श्रेयांक हस्तांतरण’ ते हेच. हाताला कसब आणि कागदावर बारावी, दोन्ही एकाच वेळी साधते.

दिव्यांग मुलांच्या सवलतींवर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात: लेखनिक, तासाला वीस मिनिटे जादा वेळ आणि अध्ययन अक्षमता असलेल्यांना गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा, या तरतुदी ग्रामीण शाळांतून फारच कमी वापरल्या जातात. यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो. नववीतच हालचाल करावी.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला आणि दहावी-बारावी नसलेल्या प्रौढांना पदवीपर्यंत नेले. हे काम फार मोठे आहे. पण पूर्वतयारी ही त्या विद्यापीठाच्या पदवी प्रवेशासाठी आहे, ती बारावीशी समकक्ष धरली जात नाही. नोकरीच्या जाहिरातीत बारावी मागितली असेल तर तिथे ती चालत नाही. शिकण्याची ओढ म्हणून येणाऱ्याने आनंदाने यावे. भरतीचा विचार करणाऱ्याने सतरा नंबर किंवा एनआयओएसच धरावा.

अभ्यासक म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना एक विनंती. सतरा नंबर भरणाऱ्यांकडे शाळेतले लोक कधी कधी कमी लेखून पाहतात. तसे पाहणे सोडून त्यांच्याकडे अभ्यासविषय म्हणून या. दिवसभर मोळ्या वाहून रात्री कोपीत मोबाइलच्या उजेडात बालभारतीचे पुस्तक वाचणारी मुलगी कोणत्या विषयाला किती वेळ देते, कुठे अडते, कोणाला विचारते, हे कोणी नीट नोंदवलेले नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ही सोय फडापर्यंत कशी पोहोचली आणि कुठे थांबली, हाही एक चांगला शोधनिबंध होईल. प्रथम संस्थेने २०११ साली शाळा सुटलेल्या मुली-बायकांसाठी ‘सेकंड चान्स’ हा उपक्रम सुरू केला. गटाने अभ्यास केल्यावर गळती कशी कमी होते हे पाहण्यासाठी त्याचा अनुभव उपयोगी पडेल.

पुस्तक कसे वाचावे याविषयी शेवटी थोडेसे. तुम्ही विद्यार्थी असाल तर पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. आधी दाखल्याचे प्रकरण वाचा, आपला दाखला शेजारी ठेवून त्यातल्या नोंदी तपासा, मग आपल्या घराच्या वर्षाला जुळणारी एकच वाट निवडून तेवढेच प्रकरण दोनदा वाचा. शिक्षक असाल तर गेल्या काही वर्षांचे जनरल रजिस्टर काढून, आठवी ते दहावीत कोणत्या महिन्यात किती नावे कमी झाली हे स्वतः पाहा आणि मगच पुढे वळा. अंगणवाडीताई, ग्रामसेवक, पोलीसपाटील यांच्यासाठी परिशिष्टात महिन्यांचा तक्ता दिला आहे: डावीकडे ऊसतोडीचे वर्ष, उजवीकडे अर्ज आणि परीक्षांचे. शुल्क आणि अंतिम मुदती त्यात मुद्दाम घातलेल्या नाहीत. त्या दरसाल बदलतात, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवला आहे. जूनमध्ये मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात त्या वर्षाचे परिपत्रक पाहून तो पेन्सिलीने भरावा.